खोटं पोट

"वहिनी, जरा सैल बांधा ना."

नीलू आरशासमोर हात वर करून उभी होती आणि मी तिच्यामागे स्टुलावर बसून तिच्या पोटाच्या नाड्या बांधत होते. पोट म्हणजे कापसाचं. आमच्या 'बाळंतपण कोणाकडे?' या नाटकात ती तिन्ही अंक आठव्या महिन्याची बाई असायची. सासर म्हणतं आमच्याकडे, माहेर म्हणतं आमच्याकडे, आणि ही बापडी दोघांच्या मधे पोट सावरत फिरतेय, असं ते नाटक. लोक हसून हसून बेजार व्हायचे. ते पोट मी घरी शिवलं होतं. मांजरपाटाची गोल उशी, आत पिंजलेला कापूस आणि पाठीवर बांधायला रुंद नाड्या. नेहमी गाठ मारून वीतभर नाडी उरायची, ती मी परकरात खोचून टाकायची. त्या दिवशी दादरच्या प्रयोगाला गाठच जेमतेम बसली.

"जाड व्हायला लागलीस गो," मी म्हटलं. "बटाटेवडे कमी कर."

मी मान वर करून आरशात पाहिलं तर बाईसाहेबांचे डोळे भरून आलेले. मी नाड्या सोडल्या, उशी बाजूला केली, तिच्या खऱ्या पोटावर हात ठेवला आणि काय ते समजले.

"कितवा?"

"चौथा लागला." तिने माझा हात घट्ट धरला. "वहिनी, अण्णांना सांगू नका. तुमच्या पाया पडते."

"पाया नंतर पड. आधी डोळे पूस, काजळ गालावर आलंय."

अण्णा म्हणजे आमचे हे. अण्णा तिरोडकर, नाटकाचे निर्माते. कंपनीतले सगळे त्यांना अण्णा म्हणायचे म्हणून मीही अण्णाच म्हणायची, आणि त्यांची बायको म्हणून मी सगळ्यांची वहिनी. कपडेपट माझ्याकडे असायचा. साड्या धुवायच्या, इस्त्री करायची, तुटलेले हूक लावायचे, दौऱ्यावर निघालं की ट्रंका गाडीत चढवून घ्यायच्या. अण्णा माणूस म्हणून सोनं, पण धंद्यात महाचिकट. सेटचे वाकडे झालेले खिळे ठोकून सरळ करून पुन्हा वापरायचे. आणि तितकेच हळवे. स्वतः काढलेल्या नाटकात, तेही विनोदी, विंगेत उभे राहून डोळे पुसणारा दुसरा निर्माता मी पाहिला नाही.

नीलू म्हणजे नीलांबरी दाभोळकर. कितीतरी वर्षं तिने मोलकरीण, मैत्रीण, नर्स असली कामं केली होती. "चहा आणू का बाईसाहेब" एवढं एक वाक्य घेऊन तिने अख्खा विदर्भ पालथा घातला होता. या नाटकात तिला पहिल्यांदा मुख्य काम मिळालं आणि पोरीने त्याचं सोनं केलं. नवरा किरण क्लासमध्ये गणित शिकवायचा. तो भला, पण क्लासवाल्याचा पगार कधी वेळेवर येईल तर शपथ. दोघांनी डोंबिवलीला दोन खोल्यांचं घर घेतलं होतं ते नीलूच्या नाइटच्या भरवशावर. नाटकात पगार नसतो बघा. प्रयोग झाला की पाकीट मिळतं, त्याला नाइट म्हणायचं. प्रयोग भर दुपारचा असला तरी नाइटच. उभं राहिलात तर नाइट, नाही राहिलात तर घरी बसा. शिवाय दिवाळीनंतर अण्णा नवं नाटक काढणार होते आणि त्यातलं मुख्य काम त्यांनी नीलूला तोंडी कबूल केलं होतं. तोंडी म्हणजे तोंडीच.

"सांगितलं तर काय होईल?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं.

"बदली घेतील. आणि बदली एकदा रुळली, की मग मला कोण बोलावतंय?"

"डॉक्टरीण काय म्हणते?"

"तब्येत चांगली आहे म्हणाल्या. उड्या मारू नका, वजन उचलू नका, बाकी खुशाल काम करा. आठवा लागला की थांबा." ती कसनुसं हसली. "वहिनी, मला थांबायचंच आहे तेव्हा. पण आत्तापासून नाही. आत्ता गेले तर नवं नाटकही जाईल."

तिसरी घंटा झाली. मी उशी पुन्हा बांधली, निऱ्या सारख्या केल्या आणि तिला विंगेत ढकललं. "जा," म्हटलं, "आणि जिना उतरताना कठड्याला धर. नाटकातलीला नाही, तुला सांगतेय."

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा बुकिंगला गेल्यावर मी उशीची शिवण उसवली आणि मूठभर कापूस काढून पुन्हा टाके घातले. तिथून आमचा तो उद्योग सुरू झाला. आतलं पोट वाढलं की मी बाहेरचं कमी करायची. प्रेक्षकांना काय, त्यांना रोज आठवाच महिना. नवऱ्यापासून मी कधी काही लपवलं नव्हतं असं नाही, साडीची खरी किंमत कुठली बायको सांगते? पण हे प्रकरण मोठं होतं. काढलेला कापूस टाकायचा कुठे, हाही प्रश्न होता. चांगला पिंजून आणलेला कापूस, टाकवेना. मी तो घरच्या उशांमध्ये भरत गेले.

"कुंदा, या उशा एवढ्या उंच कशा झाल्या गं?" अण्णा एका सकाळी मान चोळत म्हणाले. "मान आखडली माझी."

"उन्हात घातल्या होत्या. फुगल्या असतील."

"कापूस उन्हात फुगतो?"

"मग काय आक्रसतो?" मी म्हटलं, आणि चहा पुढे केला. बिचारे मानेला तेल लावून घेऊन कामाला गेले.

गुपित आमच्या दोघींत फार दिवस राहिलं नाही. नाटकात नीलूच्या नवऱ्याचं काम विलास पेडणेकर करायचा. तिसऱ्या अंकात ती बॅगेला अडखळते आणि विलास तिला वरच्यावर झेलतो, असा प्रसंग होता. ठाण्याच्या प्रयोगानंतर विलास माझ्याकडे आला, कंबरेवर हात ठेवून.

"वहिनी, पोटात कापूसच भरताय ना? की वाळू?"

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. विलास वात्रट होता, पण मूर्ख नव्हता. त्याचं तोंड हळूहळू उघडलं.

"आयला," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "आणि मी हिला आठवड्यातून चार वेळा झेलतोय?"

"आता नको झेलूस. आणि कुठे बोललास तर तुझा तो परीटघडीचा सदरा इस्त्रीने जाळीन."

"कशाला बोलतोय? माझ्या बहिणीची नोकरी अशीच गेलीय." एवढंच म्हणून तो निघून गेला. पुढच्या प्रयोगाला नीलू बॅगेपाशी आली, थांबली, आणि तिला सावरायला धावलेला विलासच बॅगेला अडखळून सपशेल पालथा पडला. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. अण्णा खूश. "पोरगं सुधारलं," म्हणाले. "आता असंच ठेव." झालं, तिथून रोज तोच पडायला लागला. त्याचे गुडघे मी हळद लावून शेकायची.

आणि डोहाळजेवण. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडायचा तोच डोहाळजेवणाच्या प्रसंगावर. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, भोवती गाणी म्हणणाऱ्या बायका. खऱ्या आयुष्यात बाईला एकदा-दोनदा मिळतं ते सुख नीलूला आठवड्यातून चारदा. पूर्वी ताटात पुठ्ठ्याच्या करंज्या आणि रंगवलेले लाडू असायचे. मी घरून खरे न्यायला लागले. तिला त्या दिवसांत ओल्या नारळाच्या करंज्यांचे डोहाळे लागलेले. झोपाळ्यावर बसून ती अशी चवीने खायची की पुढच्या रांगेतल्या बायका आवंढे गिळायच्या. प्रयोग संपला की मी तिला कोपऱ्यात उभी करून मीठमोहऱ्या ओवाळायची. हजार माणसांच्या नजरेसमोर रोज पोटुशी बसते पोर, दृष्ट नको काढायला? एकदा अण्णांनी पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"हाउसफुल्ल जातंय ना नाटक. नाटकाची दृष्ट काढतेय."

"अगं मग माझी पण काढ," म्हणून ते नीलूच्या शेजारी उभे राहिले, डोळे मिटून. मी दोघांवरून एकदम उतरवली. नीलू हसू दाबताना लालबुंद झाली होती.

एकदा मात्र तोंडचं पाणी पळालं. गणपतीनंतर ट्रंक आवरताना अण्णांच्या हाती ती उशी लागली. तोवर तिचा पार पापड झाला होता.

"कुंदा, हे पोट आहे की आसन? आठव्या महिन्याची बाई आहे ती, उपासाची नाही." माणूस खिळ्याखिळ्याचा हिशोब ठेवणारा, पण नाटकात खोट दिसलेली त्याला खपायची नाही. पिंजाऱ्याकडून स्वतः कापूस आणून, शेजारी बसून, त्यांनी ती माझ्याकडून टम्म भरून घेतली. त्या संध्याकाळी वेळच मिळाला नाही, नीलू तसंच बांधून गेली. खरं अधिक खोटं. रंगमंचावर आली ती पोट आधी आणि बाई मागाहून. सासूचं काम करणाऱ्या मालिनीबाई वाक्य विसरल्या. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "जुळं आहे, जुळं." अण्णा मला म्हणाले, "थोडा जास्त झाला वाटतं." मी म्हटलं, "थोडा." आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्या उशा पुन्हा उंच झाल्या.

अशी ती सहावा संपवून सातव्यात गेली. किरण मला फोन करायचा, "वहिनी, थांबवू का तिला?" मी म्हणायची, "तू गणित शिकव. तिचं तिला कळतं." खरं सांगते, रात्रंदिवस माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. सांगली, इचलकरंजी, कोल्हापूर एवढा एक दौरा झाला की सगळं अण्णांना सांगायचं, असं आम्ही ठरवलं होतं. तोवर नव्या नाटकाची जाहिरात पेपरात आलेली असेल, तिच्या नावासकट. मग छापलेलं नाव काढायला त्यांनाही जड जाईल.

इचलकरंजीला प्रयोग दुपारचा होता. वाटेत गाडी बिघडली, पोचायला उशीर झाला, सगळी पळापळ. कोण साड्या उतरवतंय, कोण सेट ठोकतंय. नीलूला आता उशीची गरजच उरली नव्हती. आत चार बोटं कापूस ठेवून मी ती नुसती लोकांदेखत बांधायची, देखावा म्हणून. त्या घाईत ती गाडीतच राहिली, सीटवर. तिसरी घंटा होईपर्यंत ना मला आठवण, ना तिला. पडदा उघडला. नीलू पोट सावरत आली, पहिलं वाक्य घेतलं, हशा पिकला. मी विंगेत हुश्श करून ट्रंकेवर टेकले.

तेवढ्यात मागच्या दाराने अण्णा धावत आले. गाडीत पानाचा डबा राहिला म्हणून गेले होते. तोंडावर घामाच्या धारा, धाप लागलेली, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेली ती उशी.

"कुंदा, पोट गाडीत राहिलं," ते कसेबसे म्हणाले. "पडदा पाड. पडदा पाडायला सांग. ती तशीच..."

आणि त्यांनी रंगमंचाकडे पाहिलं.

नीलू आमच्याकडे कूस करून उभी होती. कंबरेवर एक हात, पदर खोचलेला. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या उशीकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे. प्रेक्षक कशाला तरी हसत होते. अण्णा सावकाश येऊन माझ्या शेजारी ट्रंकेवर बसले. पहिला अंक संपेपर्यंत ते तसेच बसून होते, मांडीवर उशी घेऊन. मला वाटत होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

मध्यंतरात ते नीलूकडे गेले नाहीत. व्यवस्थापक गावकरांना बोलावलं आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मुंबईला फोन लावा. ती कल्याणची मुलगी येऊन फोटो देऊन गेली होती ना, तिला म्हणावं आजच्या गाडीत बस. परवाचा कोल्हापूरचा प्रयोग तिला करायचाय." गावकर माझ्याकडे बघायला लागले. "त्यांच्याकडे काय बघताय?" अण्णा म्हणाले. "फोन लावा."

नीलूने हे मेकअप रूमच्या दारातून ऐकलं. तिच्या अंगावर हिरवी साडी होती, केसांत मी फुलांची वेणी माळत होते. ती रडली नाही. "झालं," एवढंच म्हणाली, आणि दागिने चढवायला हात पुढे केला. दागिने बांधून झाले, दुसऱ्या अंकाची घंटा झाली आणि ती जाऊन झोपाळ्यावर बसली.

आमचं भांडण झालं ते विंगेत, कुजबुजत. बाहेर बायका डोहाळ्यांचं गाणं म्हणत होत्या आणि आत आम्ही दोघं पडद्याच्या आडोशाला, आवाज चढवायची सोय नाही. बावीस वर्षांच्या संसारात आम्ही इतक्या हळू आवाजात कधी भांडलो नव्हतो.

"तुला माहीत होतं," अण्णा म्हणाले.

"पहिल्यापासून."

"आणि माझ्यापासून लपवलंस? अगं काही झालं असतं म्हणजे? पडली असती तर? मी कोणाला तोंड दाखवलं असतं?"

"ती पडत नाही. विलास पडतो."

"म्हणून तो..." त्यांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे त्यालाही माहीत आहे. कंपनीत मीच तेवढा गाढव."

"तुम्ही गाढव नाही. तुम्ही मालक आहात. कळलं असतं तर तुम्ही काय केलं असतं ते आत्ता केलंतच ना मध्यंतरात?"

"तिच्याच भल्यासाठी करतोय. जाऊ दे घरी, नीट बाळंत होऊ दे. वर्षभराने येईल परत. मी काय तिचा वैरी आहे?"

"परत येईल," मी म्हटलं. "कोण येतं हो परत?"

"का नाही येणार?"

"मी आले?"

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. तुम्हाला सांगते, मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं की हे माझ्या तोंडून बाहेर पडणार आहे. मी कुंदा मयेकर होते तेव्हा. अण्णांच्या कंपनीचं पहिलं नाटक माझ्या नावावर चाललं. कुंदा मयेकर यांची प्रमुख भूमिका, असे फलक लागायचे. लग्न झालं तरी नाव बदललं नव्हतं. मग आमचा उदय पोटात राहिला आणि अण्णा म्हणाले, चार महिन्यांपुरती कमल वेर्णेकर तुझं काम करेल. कमल छान करायची, खोटं कशाला बोलू. लोकांना ती आवडली. ते नाटक ती करत राहिली, मग त्याच्या पुढचं, मग त्याच्याही पुढचं. मी तिच्या साड्यांना इस्त्री केली.

"तूच म्हणालीस," अण्णांचा आवाज एकदम बारीक झाला. "मी विचारलं होतं तुला. तू म्हणालीस, एवढ्याशाला टाकून कुठे येऊ."

"तो तेव्हा सव्वा महिन्याचा होता अण्णा. मग तो शाळेत जायला लागला. मग त्याची मुंज झाली. आता त्याला मिशा फुटल्या. मधे कधी विचारलंत?"

"मला वाटलं, तुला नको असेल. तू कधी बोलली नाहीस. कपडेपटात रमलीस असं..."

"आणि मला वाटलं, तुम्हाला नको असेल. कमल बरी वाटत असेल. माझं अंग सुटलं होतं, आवाज बसला होता. आपणहून कसं म्हणू, मला घ्या? नवऱ्याकडे काम मागायचं?" "रोज विंगेत उभी राहून मी दुसऱ्यांची वाक्यं मनात म्हणते. या नाटकाचीसुद्धा सगळी पाठ आहेत. तुम्हाला तेही माहीत नाही."

बाहेर गाणं संपलं. मालिनीबाईंनी नीलूची ओटी भरली, नीलूने वाकून नमस्कार केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. या जागी अण्णा रोज डोळे पुसायचे. त्या दिवशी पुसलेच नाहीत, नुसते गालांवरून वाहू दिले. मी पदराने पुसायला गेले तर त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"कुंदा," ते म्हणाले, "मी खरंच कधी विचारलं नाही गं."

त्यांच्यावर रागावून राहणं मला आयुष्यात जमलं नाही, तेव्हाही जमलं नाही. पण हात मी सोडवून घेतला, कारण नीलूचा शालू काढून तयार ठेवायचा होता.

तिसरा अंक झाला. विलास पडला, लोक हसले, पडदा पडला. अण्णांनी सगळ्यांना रंगमंचावर थांबवून घेतलं. नीलू विलासच्या मागे उभी राहिली, शाळेतल्या पोरीसारखी.

"पुढे ये," अण्णा म्हणाले. "आणि बस आधी त्या झोपाळ्यावर. उभी काय राहतेस?" मग घसा खाकरून म्हणाले, "कोल्हापूर हीच करेल. मुंबईतले प्रयोगही, डॉक्टरीणबाई सांगतील तोवर. गावकर, त्या मुलीला म्हणावं सावकाश ये, आणि बदली म्हणून ये. नाटक नीलूचं आहे. ही घरी असेल तेव्हा रोज प्रयोगाआधी मी स्वतः पडद्यापुढे उभा राहून सांगणार, की ही भूमिका नीलांबरी दाभोळकर करतात, त्या बाळंतपणासाठी गेल्या आहेत आणि परत येणार आहेत."

विलासने वात्रटपणा केलाच. "आणि नाइट?"

"घरी बसलेल्या माणसाला नाइट?" अण्णा सवयीने म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीलूकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला. "अर्धी," ते म्हणाले. पैशाच्या बाबतीत एवढा मोठा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. नीलू तोंडावर दोन्ही हात घेऊन तिथेच रडायला लागली आणि मालिनीबाई मला विचारत राहिल्या, "म्हणजे काय? खरंच आहे? अगं मग मी रोज कोणाची ओटी भरत होते?"

अण्णांनी शब्द पाळला. नीलूला मुलगी झाली. ती परत आली तेव्हा ते काम तिचंच होतं, नवं नाटकही थोडं पुढे ढकलून तिच्यासाठी थांबलं. सगळं काही परत मिळालं असं नाही. तेवढ्या दिवसांत दूरदर्शनवरची एक मोठी मालिका चालून आली होती, ती गेली ती गेलीच, आणि ज्या बाईला ती मिळाली तिचा पुढे बंगला झाला. डोंबिवलीच्या घरासाठी किरणने दुसरा क्लास धरला. नीलू कधी बोलली नाही, पण ती मालिका लागली की ती उठून आत जायची.

मला मात्र सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. सामान चढवून आम्ही इचलकरंजीहून कोल्हापूरला निघालो. अजून उजेड होता, दोन्हीकडे ऊस. अण्णा नेहमी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसायचे, रस्त्यावर लक्ष ठेवायला. त्या दिवशी ते मागे आले आणि माझ्या शेजारी बसले. पान लावून मला दिलं, ते मी कधी खात नाही, तरी घेतलं.

"नव्या नाटकात एक आत्या आहे," ते म्हणाले, समोर बघत.

"असेल."

"चांगलं काम आहे. पहिल्या अंकात जरा कमी आहे, पण दुसरा अंक सगळा तिचाच. करडी बाई आहे. आतून मायाळू." मग माझ्याकडे वळून, एखाद्या परक्या नटीला घरी जाऊन विचारावं तसं, अगदी अदबीने म्हणाले, "कुंदाबाई, तुम्ही कराल का?"

माझ्या तोंडात पान होतं म्हणून बरं, नाहीतर मी गाडीतच हुंदका दिला असता. इतक्या वर्षांत किती वेळा मी या प्रश्नाला मनातल्या मनात उत्तर दिलं होतं. हो म्हणून. धावत, उड्या मारत, हो म्हणून. मी खिडकीतून बाहेर पाहत पान चावलं, गिळलं, पदराने ओठ टिपले.

"नाइट किती?" मी विचारलं.

"अगं, घरचीच तू. तुला कसली..." त्यांनी जीभ चावली. पुढे बसलेली नीलू मागे वळून बघत होती, विलासने कान टवकारले होते. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, छताकडे पाहून मनाशी काहीतरी जमवाजमव केली आणि एक आकडा सांगितला.

"वाढवा," मी म्हटलं.